साल छपरावर शोधा

हर्णै बंदराच्या त्या जुन्या फोटोमागे काहीच लिहिलेलं नाही, म्हणून साल लागत नाही असं म्हणालात. मग माणसांचे कपडे सोडा, आधी छपरं बघा. मंगलोरी कौलं (चपटी, एकमेकांत अडकणारी) दिसली तर फोटो 1865 च्या आधीचा नक्कीच नाही, कारण मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. नळीच्या देशी कौलांचं किंवा गवताचं छप्पर मात्र काहीच सिद्ध करत नाही, ते पुढेही बरीच वर्षं होतं. घरी उतरवून ठेवलेली कौलं असतील तर उलटी करून बघा, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. पण जपून हं, आपल्याकडे जुनं घर पाडलं की कौलं गोठ्यावर चढतात, त्यामुळे कौल घरापेक्षा म्हातारं निघू शकतं!

त्यापेक्षा जुन्या पत्रांची पाकिटं जास्त बोलतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र 1972 किंवा त्यानंतरचं. मालवणपुढे 'जि. रत्नागिरी' असेल तर बहुधा 1981 च्या आधीचं, सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला. अलिबागपुढचं 'जि. कुलाबा' हेही तसंच, त्याच साली त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं. अर्थात सवयीने जुना जिल्हा लिहिणारे आजोबा घरोघरी होतेच, म्हणून टपालाचा शिक्का आधी वाचावा.

सरकारी कागदपत्रांचं म्हणाल तर मुरूड-श्रीवर्धन 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होतं, त्यामुळे तिथली कागदपत्रं नुसत्या कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधून भागत नाही.

तो फोटो जरा मोठा स्कॅन करून टाका, छपराची कड नीट दिसेल असा.