व्हिएन्ना, चार रात्री: हॉटेल कुठलं, ऑपेरा कधी, जेवण कुठे?

मंद्रसप्तक:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांसाठी व्हिएन्ना, गुरुवार ते सोमवार. जुन्या थाटाचं हॉटेल, स्टेट ऑपेरात एक संध्याकाळ आणि एक निवांत, उत्तम जेवण एवढं हवंय. एक जण शाकाहारी. झाखर घ्यावं की इम्पीरियल?

रिंगरस्ता:
हॉटेलचं नंतर बघू, आधी महिना बदला. स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये प्रयोगच नसतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक याच ऑपेराच्या वाद्यवृंदातले, आणि उन्हाळ्यात ते साल्झबुर्गच्या महोत्सवाला जातात. तो भरतो जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे तुमच्या तारखांना तेही नाही. त्या दिवसांत रस्त्यावर विग घातलेले विक्रेते मोझार्टची तिकिटं गळ्यात मारतात. त्यात गाजलेल्या तुकड्यांची भेळ मिळते, ऑपेरा नाही.

मंद्रसप्तक:
ऑक्टोबर चालेल. वार तेच.

रिंगरस्ता:
मग आधी तिकीट, नंतर जेवण, शेवटी हॉटेल.

झाखर (1876) ऑपेराच्या अगदी पाठीमागे आहे, रस्ता ओलांडला की दार. इम्पीरियल 1863 मध्ये व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकसाठी वाडा म्हणून बांधलं आणि 1873 च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याचं हॉटेल झालं. खालच्या मजल्यांवर मूळ वाड्याची उंच छतं आहेत, वरचे मजले नंतर चढवलेले. नुसतं 'डिलक्स' वाचून खोली घेतली की फसगत होते ती इथे. मजला विचारूनच घ्या. मागच्या बाजूला म्युझिकफेराइन हे मैफलींचं सभागृह आहे, त्यामुळे मैफलही ऐकणार असाल तर इम्पीरियल, फक्त ऑपेरा असेल तर झाखर.

चवदार_चौकशी:
जेवणासाठी श्टाडपार्कमधलं श्टायररएक. शनिवार-रविवार बंद, तेव्हा शुक्रवारी दुपारचं टेबल बघा. अनेक पदार्थांचं जेवण तीन तास सहज घेतं. त्याच संध्याकाळी ऑपेरा ठेवलात तर दुसऱ्या अंकात डुलक्या ठरलेल्या. पावांनी भरलेली गाडी सुरुवातीलाच टेबलाशी येते. दोन कापांवर थांबा, नाहीतर पुढचं जात नाही. शाकाहारी आहात हे आरक्षण करतानाच कळवा. दोघांनाही पूर्ण शाकाहारी चालणार असेल तर 'तिआन' हे शाकाहारी रेस्तराँ जास्त योग्य.

झाखर टोर्ट, म्हणजे झाखरचा प्रसिद्ध चॉकलेट केक, मुळात कोरडा. सोबतचं फेटलेलं क्रीम बिनसाखरेचं असतं ते त्यासाठीच, बाजूला सारू नका.

मंद्रसप्तक:
लोजमधली (प्रेक्षागृहातल्या छोट्या कक्षांमधली) काही तिकिटं बरीच स्वस्त दिसताहेत. घ्यावीत?

रिंगरस्ता:
लोजमध्ये पहिल्या रांगेचीच घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून, त्यातही मंचालगतच्या लोजमधून, अर्धा मंच दिसत नाही. स्वस्त आहेत ती त्यामुळेच. तेवढ्या पैशांत वरच्या गॅलरीत मधली जागा मिळाली तर ती बरी. भाषांतराचा छोटा पडदा प्रत्येक आसनासमोर असतो. उशीर झाला की मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत, आणि कोट गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरवर, द्यावा लागतो. वीस मिनिटं आधी पोहोचा.

चित्रवेडी:
कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे कलासंग्रहालय ऑक्टोबरात सोमवारी बंद. गुरुवारी रात्री 9 पर्यंत उघडं असतं, तेव्हा उतरल्या दिवशीच संध्याकाळी जा. चित्रकार ब्रॉयगलचं दालन आधी गाठा, घुमटाखालचा कॅफे नंतर. रविवारी दुकानं बंद. तो दिवस बेल्व्हेडियर राजवाड्यातल्या संग्रहालयाला आणि तिथल्या क्लिम्टच्या चित्रांना द्या.