उकंबानीतलं पाणी: बोअर की बंधारा?

सचिव:
सप्रेम नमस्कार मंडळी,
पाडव्याच्या कार्यक्रमातली शिल्लक या वर्षी नैरोबीबाहेरच्या एखाद्या गावाच्या पाण्यासाठी द्यावी, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. उकंबानीत, म्हणजे पूर्व केनियातल्या कांबा लोकांच्या भागात, माचाकोसकडे बोअर मारून हातपंप बसवायचा प्रस्ताव आहे. वर मंडळाची पाटी लागेल. मतं कळवा.

एक जुने सभासद (निवृत्त स्थापत्य अभियंता):
पाटीचं नंतर बघू. बारा वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी तिकडेच एक हातपंप बसवला होता. फोटो, सामोसे, भाषणं सगळं झालं. दोन वर्षांनी गेलो तर पंपाचा दांडाच नव्हता. एक आजी म्हणाल्या, "तुमचा पंप बंद पडलाय." तुमचा! चूक आमचीच. जागा आम्ही ठरवली, पैसे आम्ही दिले, त्यांना विचारलं कोणी? शिवाय त्या पट्ट्यात खोल पाणी पुष्कळदा खारट लागतं.

माझं मत वाळूच्या बंधाऱ्याला. उकंबानीतल्या नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात. पात्रात खडक उघडा असेल तिथे, त्या खडकावरच दगड-सिमेंटची भिंत बांधायची. पुरासोबत जाडी वाळू येते आणि एक-दोन किंवा जास्त पावसाळ्यांत भिंतीमागे भरते. त्या वाळूच्या पोकळ्यांत, एकूण घनफळाच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत, पाणी राहतं. ऊन खाली पोचत नाही, डास अंडी घालू शकत नाहीत, पाणी गाळूनही निघतं. तिथल्याच जोशुआ मुकुस्यांनी १९७८ मध्ये उटूनीचा स्वयंसहाय्य गट सुरू केला, तेव्हापासून माचाकोसमध्ये हे काम चालू आहे.

मुख्य म्हणजे दगड फोडणं, वाळू-पाणी वाहणं गावचा गट करतो. कांबा लोक त्याला 'म्वेथ्या' म्हणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक म्हणा. बाहेरच्यांनी द्यायचं ते सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी.

मोम्बासाच्या ताई:
काका, माझं माहेर माण तालुक्यातलं. उन्हाळ्यात माणगंगेच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरलाय मी, त्यामुळे पटलं. पण वाळूच चोरीला गेली तर? उकंबानीतूनही ट्रकच्या ट्रक भरून नेतात.

जुने सभासद:
ताई, नेमकं दुखणं धरलंत. त्यातली बरीच वाळू नैरोबीच्या बांधकामांत जाते, म्हणजे कदाचित आपल्याच फ्लॅटच्या गिलाव्यात! मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळू संवर्धनाचा कायदा केला. पण कायद्याचा कागद रात्री नदीवर पहारा देत नाही. स्वतः दगड वाहिलेला गट देतो.

दुसरं, वरच्या उतारावर 'फान्या जू' बांध हवेत: चर खणून माती वरच्या अंगाला टाकायची. नाहीतर शेतातली माती वाहून येते आणि वाळूऐवजी गाळ बसतो. गाळ पाणी धरतो, पण सोडत नाही. भिंतीचे पंख काठात खोल गेले नाहीत तर नदी बाजूने वाट काढते, तेही बघावं लागेल.

एक तरुण सभासद:
पण काका, बोअरला महिन्याभरात पाणी दिसतं. इथे दोन पावसाळे थांबायचं. देणगीदारांना काय दाखवू?

जुने सभासद:
भिंत दाखव. पहिल्याच पावसानंतर काही पाणी मिळू लागतं. पूर्ण भरायला वेळ लागतो, हे आधीच सांगून टाक.

सचिव:
बोअरचा प्रस्ताव मागे घेत आहे. ऑक्टोबरच्या पावसाआधी भिंत उभी राहायला हवी, म्हणून या शनिवारी आधी गटाला भेटायला जाऊ. जागा तेच दाखवतील. सकाळी साडेसहाला मंदिरासमोर जमावं, बूट घालून. काकांनी टेप आणावी. सामोसे नकोत, त्यांच्याकडे गिथेरी (मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला) असेल.

पाटीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ओल्या सिमेंटवर गट स्वतःचं नाव आणि साल कोरेल.