कसोटी किंवा रणजी (राज्यांच्या संघांची स्पर्धा) बघायला मैदानात शेवटचं कधी गेला होतात?

मागच्या आठवड्यात घरी कसोटी लावली होती. कॅमेरा स्टँडवरून फिरला आणि नुसत्या खुर्च्याच दिसल्या. २००८ला आयपीएल आली आणि लोकांची सवय मोडली, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं, कारण कामाच्या मध्ये दर पाच मिनिटांनी फोनवर कसोटीचा स्कोअर बघणारे माझ्याच ऑफिसात ढिगाने आहेत. मग आपण मैदानात का जात नाही? जाणं सोडलं असेल तर कशामुळे, आणि अजून जात असाल तर काय मिळतं, ते स्वतःच्या अनुभवातून लिहा.

दादर
पहिली कसोटी १९७५ची, वेस्ट इंडिजविरुद्ध. वानखेडे तेव्हा नवंकोरं होतं आणि मी नववीत होतो. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. वडिलांनी रजा टाकली होती. आईने डब्यात पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि सोललेली मोसंबी दिली होती. शेजारच्या काकांनी आमच्या पोळ्या खाल्ल्या, आम्ही त्यांचा चिवडा. रोज तेच शेजारी, त्यामुळे शेवटच्या दिवशी पत्ते दिले-घेतले गेले. पुढे १९९१ची रणजी फायनलही तिथेच पाहिली. आपली मुंबई हरियाणाकडून २ धावांनी हरली. वेंगसरकर नाबाद १३९वर उभा राहून रडत होता आणि माझ्या रांगेतले दोघंही रडत होते. रणजीसाठी!
मध्यंतरी एका मैदानावर गेटवरच डबा काढून घेतला, पाण्याची बाटलीही. मला मधुमेह आहे, वेळेवर खावं लागतं. आत वडापावची रांग एवढी मोठी की उपाहाराची चाळीस मिनिटं तिच्यातच गेली. त्यानंतर गेलो नाही. पाच दिवसांच्या खेळाला माणूस दिवसभराच्या तयारीने येतो, आणि ती तयारीच दारात काढून घेतात.

नागपूर
विदर्भ क्रिकेट संघटनेचं (व्हीसीए) जुनं मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, माझ्या ऑफिसपासून पायी दहा मिनिटांवर. साहेबांना सांगून चहापानानंतरचा खेळ बघून यायचो. २००८ला कसोटी शहराबाहेर गेली, वर्धा रोडवर जामठ्याला. तिथली पहिलीच कसोटी ऑस्ट्रेलियाशी. गांगुलीची शेवटची, सचिनचं शतक, वर मालिका जिंकलो, तरी स्टँड ओस. नागपूरकरांना क्रिकेटची कदर नाही, असं तेव्हा बाहेरची माणसं बोलली. ते अजून मनाला लागतं, भाऊ. मधेच येऊन दोन तास बसून जाणारा माणूस हाच कसोटीचा खरा प्रेक्षक होता. मैदान लांब गेलं की पहिला तोच तुटतो.
२०२५च्या रणजी फायनलला मात्र पूर्ण दिवस काढून गेलो. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८वर बाद झाला, तेव्हा आम्ही जेवढे होतो तेवढे सगळे उभे राहिलो. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला.

पुणे
आम्हा दोघांना सुट्टी फक्त रविवारची. गहुंज्याच्या मैदानावर २०१७ला ऑस्ट्रेलिया आणि २०२४ला न्यूझीलंड, दोन्ही कसोट्या गुरुवारी सुरू झाल्या आणि शनिवारीच संपल्या. त्यांच्या फिरकीपटूंनीच, ओकीफने १२ बळी घेतले, सँटनरने १३. आमचा रविवार दोन्ही वेळा गेला. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळायला लागला, तर चौथ्या दिवसाचा बेत कोण आखेल? २०१९ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तेवढा रविवार मिळाला, आणि त्यांचा अख्खा दुसरा डाव एका दिवसात गुंडाळलेला पाहिला.

दिल्ली (मूळ सांगली)
जानेवारी २०२५, दिल्ली-रेल्वे रणजी सामना. विराट खेळणार म्हणून पहाटेच रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तो ६वर बाद झाला आणि स्टँड भराभर रिकामे झाले. मी थांबलो. रेल्वेच्या ज्या सांगवानने त्याची दांडी उडवली, त्याचा पुढचा स्पेल बघायला माझ्या ओळीत कोणीच उरलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

मेलबर्न
इथे २०२४च्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ लोक आले. भारत हरला, पण शेवटच्या दिवशीही इथलं एमसीजी मैदान गर्दीने गजबजलेलं होतं. नाताळच्या सुट्ट्या, स्टेशन चालत्या अंतरावर आणि घरचं खाणं आत नेता येतं. आम्ही साबुदाण्याची खिचडी नेली होती. तारीख वर्षानुवर्षं ठरलेली, त्यामुळे लोक रजा आधीच टाकून ठेवतात. आपल्याकडे चेन्नईत पोंगलची कसोटी अशीच असायची.

नाशिक
मुलगा बारा वर्षांचा, रोज नेट्सला जातो. पण टी-ट्वेन्टीखेरीज काही पाहिलेलं नव्हतं. गोल्फ क्लब मैदानावर रणजी होती, तेव्हा शाळा बुडवून नेलं. सीमारेषेच्या अगदी जवळ बसलो. चेंडू कीपरच्या ग्लोव्हजमध्ये थपकन बसल्याचा आवाज, स्लिपमधली बडबड, सगळं ऐकू येत होतं. ओपनर चेंडूमागून चेंडू सोडत होता. "आई, हा मारत का नाहीये?" असं त्याने दहा वेळा विचारलं असेल. मलाही नीट सांगता येईना. तासाभराने तोच कानाशी येऊन म्हणाला, "बाहेर जाणारे सोडतोय बघ, आत येणारेच खेळतोय." उपाहाराला ओपनर ११वर नाबाद होता. डबा उघडून ठेवला, तरी पोराची नजर पिचवरून हलेना.