दंड वाढतील म्हणून बायकांनी वजनं उचलू नयेत का?

अबोली
वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६८ किलो, कंबर ९१ सेंटिमीटर. पुण्यात पौड रोडला राहते. वर्षभर रोज सकाळी वेताळ टेकडीवर पाऊण तास चालतेय. पहिल्या चार महिन्यांत चार किलो उतरले, नंतर काटा हललाच नाही. म्हणून घराजवळची जिम लावली. तिथल्या ट्रेनरने दुसऱ्याच आठवड्यात खांद्यावर बार देऊन बैठका आणि डंबेल्स सुरू केले. आई आणि वहिनी दोघी म्हणतात, "पुरुषासारखे दंड होतील, थांब."

मलाही तसंच वाटतं. आधी चालून-पळून चरबी उतरवावी, वजनं नंतर बघता येतील. मला बारीक व्हायचंय, पैलवान नाही. तुमचं मत सांगा.

टेकडीप्रेमी
अबोलीताई, अगदी बरोबर. मी ५८ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी ८४ किलो होतो, आज ७१. एकही डंबेल उचलला नाही. रोज तळजाई, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड आणि रात्री साडेसातला जेवण, बस्स. टेकडी फुकट आहे, हवा चांगली आहे आणि सोबत माणसं असतात. तुमचा काटा अडकला असेल तर चालणं वाढवा, चढ वाढवा.

तालीमकर
काका, तुमच्या तेरा किलोंना मनापासून सलाम. पण ताईंची भीती चुकीची आहे आणि ती आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली रौप्य जिंकलं ते ४९ किलो वजनगटात. क्लीन अँड जर्कला, म्हणजे वजन आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर घेण्याच्या प्रकारात, तिने ११५ किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि तेही लहानपणापासूनच्या सरावानंतर. तरी ती तेव्हा ४९ किलोंच्या गटातच होती. आठवड्यातून तीनदा पाच किलोंचे डंबेल्स उचलून तुम्ही पैलवान कशा व्हाल?

स्नायू फुगायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लागतं आणि ते बायकांच्या रक्तात पुरुषांच्या मानाने पंधरा-वीस पटींनी कमी असतं. भरपूर खाणंही लागतं. तुम्हाला तर बारीक व्हायचंय. आमच्या तालमीतल्या पोरांना विचारा, रोज जोर-बैठका, वर दूध-बदाम, तरी दंडावर एक इंच चढायला वर्ष जातं. नकळत कुणी पिळदार होत नाही हो!

उलट वजनं न उचलता नुसतं खाणं कमी केलं तर घटलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. काटा खाली येतो, पण पोट मऊच राहतं.

शिंपीण_नारायणपेठ
पुस्तकातलं ठीक आहे, मी टेपेचं सांगते. बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. जिम लावलेल्या दोन गिऱ्हाइकांची बाही तीन महिन्यांत अर्ध्या इंचाने उसवावी लागली. एकीचं लग्न होतं, रडकुंडीला आली होती. "स्नायू वाढतच नाहीत" असं सांगू नका, वाढतात. अबोली, कार्य तोंडावर असेल तर माझं ऐक, डंबेल्स नको.

गौरी_आहार
शिंपीणताई, तुमची टेप खोटी नाही. व्यायाम नवा असतो तेव्हा स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. वरची चरबी अजून तशीच असते. आत थोडं भरलं, वरचं उतरलं नाही, की बाही घट्ट. त्यात जिममुळे भूक वाढते आणि "आज व्यायाम झालाय" म्हणून संध्याकाळी एक वडापाव जास्तीचा जातो. तो सुमारे ३०० कॅलरींचा. पाच किलोमीटर चालून जेवढं जळतं ते त्यात परत आलं. तेव्हा त्या मुलींच्या ताटात काय होतं, तेही बघायला हवं.

तालीमकर, तुमच्या बाजूने एक दावा केला जातो तो मात्र मला मान्य नाही. स्नायू वाढले की बसल्याजागी ढीगभर कॅलरी जळतात, असं बरेच ट्रेनर सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी वापरतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, ती मुख्यतः ताटातूनच कमी होते.

मग वजनं का उचलायची? आपल्या पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपलं आणि इंग्लंडमधल्या सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं मोजमाप २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असून आतून चरबीचे असू शकतो, आणि म्हणूनच मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेतो तो स्नायू. अबोली, तुझी कंबर ९१ आहे, आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची रेषा ८० ला आहे. दंडापेक्षा मला त्याची काळजी वाटते.

आणि तू दिवसभरात डाळीची एकच वाटी खात असशील, तर वजनं उचलून स्नायू टिकणारही नाहीत. मटकीची उसळ, अंडी, पनीर, दही, काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच.

टेकडीप्रेमी
गौरीताई, माहिती पटली. तरी माझा विरोध कायम, आणि त्याला कारण आहे. माझ्या बायकोला एका जिममध्ये चौथ्याच दिवशी जमिनीवरून जड बार उचलायला लावला. कमरेत उसण भरली, तीन आठवडे झोपून. कुणी तिला आधी साधं वाकायलाही शिकवलं नव्हतं. टेकडीवर असं होत नाही. मत देताना हेही सांगत चला.

तालीमकर
काका, काकूंचं वाचून वाईट वाटलं. चूक शिकवणाऱ्याची आहे, वजनाची नाही. तालमीत नव्या पोराला महिना-महिना फक्त बैठका देतात, मुद्गलाला हात लावू देत नाहीत. अबोलीताई, तुमच्या ट्रेनरने दुसऱ्याच आठवड्यात खांद्यावर बार दिला हे मलाही पटलेलं नाही. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या बैठका करा, भिंतीला जोर मारा. मग हलकं वजन. शेवटच्या दोन वेळा जड जातील एवढंच घ्यायचं. आठवड्यात दोन-तीन दिवस पुरे, बाकी दिवस काकांची टेकडी आहेच.

शिंपीण_नारायणपेठ
पाणी धरतं, हे नवीन कळलं. पण नवरीला मी तरी लग्नाआधी तीन महिने नवा व्यायाम सुरू करू देणार नाही. यावर ठाम.

अबोली
घरात कार्य नाही, त्यामुळे तेवढी घाई नाही. वडापावचं वाचून ओशाळले, कारण जिमखालच्याच गाडीवर आठवड्यातून तीनदा थांबते. ते बंद. ट्रेनरशी आज बोलले, बार काढला, साध्या बैठकांवर आणलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार जिम, बाकी टेकडी. दंडांची भीती पूर्ण गेली नाही, खरं सांगते.

शिंपीणताई, उद्या दुकानावर येते. दंडाचं आणि कमरेचं माप तुमच्या वहीत लिहून ठेवा. दिवाळीच्या ब्लाउजला पुन्हा घेऊ आणि जे निघेल ते इथेच सांगू.