रूम करेक्शन सुरू केल्यावर रेकॉर्डचा अ‍ॅनालॉग सिग्नल कितपत टिकतो?

प्रश्न
टर्नटेबल, फोनो प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) आणि रूम करेक्शनची, म्हणजे खोलीमुळे आवाजात येणारा दोष फिल्टरने कमी करण्याची सोय असलेला अ‍ॅम्प्लिफायर अशी माझी जोडणी आहे. करेक्शन सुरू केल्यावर बासचा घुमारा कमी होतो, हे स्पष्ट ऐकू येते. परंतु त्यासाठी रेकॉर्डवरून आलेला सिग्नल डिजिटल होत असेल, तर त्यातले काही हरवते का? तो डिजिटल न करता खोलीचा दोष काढता येईल का?

प्रतिसाद १
सिग्नल डिजिटल होतो, हे खरे आहे. तो एडीसीतून (अ‍ॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या भागातून) आत जातो, त्यावर फिल्टरची आकडेमोड होते आणि डीएसीतून (डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणाऱ्या भागातून) तो पुन्हा अ‍ॅनालॉग होऊन बाहेर पडतो. बाहेर पडणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, हा समज मात्र चुकीचा आहे. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगमध्ये (सेकंदाला ४८,००० वेळा सिग्नल मोजल्यास) २४ किलोहर्ट्झच्या आतली लहर सलगच परत मिळते. चांगल्या एडीसीची डायनॅमिक रेंज (सर्वात मोठा आवाज आणि गोंगाट यांतले अंतर) १०० डेसिबलच्या वर असते, तर रेकॉर्डची साधारण ७०च्या आसपास, त्यामुळे एडीसीचा गोंगाट खाचेच्या खरखरीखाली दबून जातो. याउलट, ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास जो अनुनाद उठतो, तो सहज १० डेसिबलने बास फुगवतो. माझ्या मते यांतले मोठे नुकसान कोणते, याबद्दल शंका नसावी.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण टर्नटेबलच्या बाबतीत एक धोका वेगळा आहे. करेक्शनने खालचा बास उचलला, तर मोटरची घरघर आणि वाकड्या रेकॉर्डमुळे होणारी, ऐकू न येणारी अतिशय मंद हालचालही उचलली जाते आणि वूफरचा पडदा आवाज नसतानाही मागेपुढे डोलू लागतो. म्हणून सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणाऱ्या खालच्या लहरी अडवणारा) ठेवावा आणि मोजलेल्या आवाजाच्या आलेखातले खड्डे, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सींवर आवाज कमी पडतो त्या जागा, भरण्याचा आग्रह धरू नये; १० डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट पॉवर लागते, आणि परावर्तित लहरीमुळे पडलेला खड्डा तरीही भरत नाही. फोनो प्रीअ‍ॅम्पची पातळी एडीसीला पेलेल इतकीच आहे ना, हेही तपासावे, कारण तिथे झालेले क्लिपिंग (पातळी जास्त झाल्याने लहरीचे टोक कापले जाणे) पुढचा कोणताही फिल्टर दुरुस्त करू शकत नाही.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाविषयी: मुख्य स्पीकरचा मार्ग पूर्णपणे अ‍ॅनालॉग ठेवून ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरकडे द्यावा आणि करेक्शन फक्त त्यावर लावावे. मात्र डीएसपीमुळे (करेक्शनच्या डिजिटल आकडेमोडीमुळे) सबवूफरला होणारा उशीर अ‍ॅनालॉग बाजूला भरून काढता येत नाही, म्हणून कमी विलंबाचे फिल्टर निवडावेत. मुख्य स्पीकरना खालचा बास न जाण्यासाठी हाय-पास फिल्टरही (फक्त वरच्या लहरी जाऊ देणारा) अ‍ॅनालॉगच लागेल. त्याआधी स्पीकर आणि बसण्याची जागा थोडी हलवून पाहावी. करेक्शन चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही वेळची पातळी मोजून सारखी करावी; नाहीतर जो आवाज मोठा, तोच कानाला सरस वाटतो.