प्रोग्रामर निवडताना सामान्य बुद्धिमत्ता चाचणी कितपत उपयोगी?

प्रश्न (अंबड, नाशिक):
आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवे पदवीधर घेताना तर्क, अंकमालिका आणि आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी ठेवावी, असा भागीदारांचा आग्रह आहे. मुले अशा चाचण्यांची तयारी क्लास लावून करतात. मग त्यांतून प्रोग्रामिंगची कुवत खरोखर कळते का?

उत्तर १:
थोडीफार कळते. मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये बुद्धिमत्ता चाचणी व नोकरीतील कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५१ सांगितला होता आणि भरतीवाले आजही तोच आकडा पुढे करतात. मात्र जुन्या विश्लेषणांतील सांख्यिकीय दुरुस्त्या अवाजवी होत्या, असे दाखवून सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तो ०.३१ वर आणला, तर ठरावीक प्रश्नांच्या सुरचित मुलाखतीचा ०.४२ निघाला. हे आकडे सर्व व्यवसायांचे आहेत, केवळ प्रोग्रामरांचे नव्हेत.

उत्तर २ (सातपूर):
वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या २०२० च्या अभ्यासात पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा शिकण्याच्या वेगाशी अंकज्ञानापेक्षा परकी बोलभाषा शिकण्याच्या क्षमतेचा संबंध अधिक आढळला. अर्थात ते नवशिके होते, आणि प्रोग्रामिंग भाषा शिकणे वेगळे, दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड सांभाळणे वेगळे. माझ्या मते अंकमालिका सोडाव्यात आणि उमेदवाराला आपल्याच कोडमधील एखादा खरा दोष शोधायला देऊन, त्याने तो कसा शोधला, हे त्याच्याकडून समजून घ्यावे.

प्रश्नकर्ता:
त्यासाठी किती वेळ द्यावा?

उत्तर २:
दीड तास पुरे. इंटरनेट वापरू द्यावे. कामावरही ते वापरणारच आहेत.