‘गॅदरिंग पीसकॉड्स’मधलं ‘साइड्स’: शार्पची वळणवाट की खांद्याला खांदा?

पाऊलखुणा:
लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याच्या १६५१ च्या ‘इंग्लिश डान्सिंग मास्टर’ या पुस्तकात १०५ नाच आहेत. वर चाल, खाली काही ओळींत कृती. ‘गॅदरिंग पीसकॉड्स’ म्हणजे मटारच्या शेंगा तोडणं, हा त्यातला रिंगणाचा नाच. तीन फेऱ्या आहेत. पहिली गोल फिरण्यानं सुरू होते, दुसरी ‘साइड्स ऑल’नं, तिसरी ‘आर्म्स ऑल’नं, म्हणजे हातात हात अडकवून फिरण्यानं. ‘साइड्स’ कसं करायचं ते प्लेफर्ड सांगत नाही.

इंग्रजी लोकनाच जमवणाऱ्या सेसिल शार्पनं १९११ मध्ये हे नाच पुन्हा बसवले तेव्हा त्यानं वळणवाट ठरवली. जोडीदार धावत्या चार पावलांत एकमेकांना डावीकडून ओलांडतात, वळून समोरासमोर येतात आणि त्याच वाटेनं परततात. पुढे १९६० च्या दशकात पॅट शॉ या इंग्रजी नाचशिक्षकानं दुसरी रीत मांडली: चार पावलं पुढे, उजव्या खांद्याला खांदा, चार पावलं मागे. पुढच्या वेळी डावा खांदा.

माझं ठाम मत आहे की पीसकॉड्स शिकवताना वळणवाट सोडावी. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ‘डबल’ची व्याख्या आहे: चार पावलं पुढे किंवा मागे, शेवटी दोन्ही पाय जुळवून. पाय जुळवले की चौथ्या मात्रेला शरीर थांबतं. शार्पच्या वाटेत नेमकं त्याच मात्रेला वळायचं असतं. दोन्ही एकत्र जमत नाही.

रिंगणकर:
असहमत. व्याख्या ‘डबल’ची आहे, ‘साइड्स’ची नाही. प्लेफर्डला पुढे-मागे जायचं असतं तेव्हा तो तसं सरळ लिहितो. इथे वेगळा शब्द वापरलाय, म्हणजे कृतीही वेगळी असणार.

आता अंतर मोजा. चार जोड्यांचं रिंगण हात धरून केलं की घेर साधारण ८ मीटर होतो. जोडीदार जेमतेम १ मीटरवर. खांद्याला खांदा आणायचा तर प्रत्येकानं अर्धा मीटर जायचं, तेही चार पावलांत. एक पाऊल बारा-तेरा सेंटिमीटरचं! नवखे लोक मग दोन पावलांत पोचतात आणि उरलेल्या दोन मात्रा जागीच पाय आपटत काढतात. शार्पच्या वाटेत हेच पाऊल चाळीस सेंटिमीटरच्या आसपास पडतं आणि चालीचा जोर टिकतो. शार्प आधी खेड्यांत जाऊन जिवंत नाच टिपत होता, त्याच्या ‘कंट्री डान्स बुक’चा १९०९ चा पहिला भाग त्याचाच आहे. पाय कसे पडतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पाऊलखुणा:
त्यानं खेड्यांत पाहिलेले नाच त्याच्या काळचे, प्लेफर्डनंतर अडीचशे वर्षांनी उरलेले. त्यांतलं धावतं पाऊल १६५१ च्या नाचाला लावणं हा त्याचा निर्णय होता, पुरावा नव्हे.

पण अंतराचा मुद्दा खरा आहे, तो मान्य. त्यावर उपाय आहे. ‘डबल’ची चार पावलं म्हणजे तीन पावलं आणि चौथ्याला पाय जुळवणं, असं घ्या. शिवाय ‘साइड्स’च्या आधी हात सोडून रिंगण मोठं करा, दर दोघांमधलं अंतर दोन वीत वाढेल इतकं. जोडीदार दीड मीटरवर आला की तीन पावलं पंचवीस सेंटिमीटरची होतात. ही चालण्याची पावलं आहेत, आपटण्याची नाहीत.

चौथी मात्रा:
दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे पुढची गिरकी. या भागात चालीला १२ मात्रा आहेत: आठ ‘साइड्स’ला, चार स्वतःभोवती फिरायला. ही गिरकी, म्हणजे ‘टर्न सिंगल’, कुठल्या बाजूनं करायची हेही प्लेफर्ड सांगत नाही. शार्प ती घड्याळाच्या दिशेनं घेतो. त्याच्या वाटेत परत येताना शरीर आधीच घड्याळाच्या दिशेनं वळत असतं, त्यामुळे गिरकी आपसूक येते. सरळ मागे आलात तर पाठीकडे जाणारा जोर थांबवून नव्यानं फिरावं लागतं. पाचांपैकी चार जण इथेच अर्धी मात्रा उशिरा निघतात, कारण टाचेवर मागे आलेले असतात. मागे येताना वजन चवड्यावर ठेवायला सांगा. उजव्या खांद्यानंतर उजवीकडून गिरकी, डाव्यानंतर डावीकडून, हेही पाळा. एवढं केलं तर सरळ रीतही वाहती होते.

मजकूर आधी:
पाऊलखुणांना अनुमोदन, पण फ्रेंच नृत्यशिक्षक फोइये याच्या १७०६ च्या पुस्तकाकडे धावू नका. त्यात इंग्रजी नाचांच्या वाटा कागदावर रेघांनी आखून दिल्यात म्हणून बरेच जण ते उघडतात. ते फ्रेंच आहे, पंचावन्न वर्षांनंतरचं आहे आणि त्यातली पावलं दरबारी वळणाची. तिथलं पाऊल इथे चिकटवलं तर शार्पचीच चूक उलट दिशेनं होते.

रिंगणकर:
फोइये नको, कबूल. पण मजकुराची एवढी चाड असेल तर टाळ्यांचं काय कराल? ‘पुरुषांनी मध्ये येऊन टाळी वाजवावी, ते मागे जात असताना बायकांनी तसंच करावं.’ टाळी स्वतःच्या हातांची की शेजाऱ्याच्या? मजकूर गप्प. आपण सगळेच स्वतःची वाजवतो, म्हणजे अंदाजच. मग ‘साइड्स’लाच तेवढी शुद्धता का?

पाऊलखुणा:
कारण टाळी कोणाचीही घेतली तरी मात्रा बदलत नाहीत. त्या भागाच्या १६ मात्रा स्वच्छ वाटल्या जातात: पहिल्या चार मात्रांत पुरुष आत, पुढच्या चारांत बायका आत आणि पुरुष मागे, त्यापुढच्या चारांत पुन्हा उलट, शेवटच्या चारांत पुरुषांची गिरकी. गोंधळ होतो तो वाटेचा. पुरुष सरळ मागे सरकले तर आत येणाऱ्या जोडीदारणीचा खांदा लागतो. म्हणून त्यांनी मागे येताना तिच्यापासून लांबच्या बाजूला अर्धं पाऊल तिरकं घ्यावं, म्हणजे तिची वाट मोकळी राहते.

चौथी मात्रा:
टाळी चौथ्या मात्रेला घ्या, तिसऱ्या नको. तिसऱ्याला वाजवली की एक मात्रा रिकामी राहते आणि बायका लवकर निघतात.

जोड्या किती, हेही आधी ठरवा. नाचाच्या मथळ्यात ‘हवे तितके’ लिहिलंय, पण पुरुषांच्या आतल्या रिंगणाला जागेवर परत यायला १२ सरकती पावलंच मिळतात. चार पुरुषांचा घेर सुमारे ५ मीटर, पाऊल चाळीस सेंटिमीटरचं, बरोबर बसतं. आठ पुरुष असले की पाऊल ऐंशी सेंटिमीटरचं होतं, हात ओढले जातात आणि कडी तुटते. त्यापेक्षा आठ जोड्यांची चार-चारची दोन रिंगणं करा.